घरचे साखरी पेकन: माल कोणता घ्यावा, कृती कोणती धरावी

तयार साखरी पेकनचा, म्हणजे साखरेत घोळवून भाजलेल्या, अक्रोडासारख्या पेकनच्या गराचा डबा हातात आला की आधी मागची घटकांची यादी वाचावी. अमेरिकेत ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. साखर पहिली आणि पेकन दुसरे दिसले, तर तो डबा साखरेचा आणि पेकन नावापुरते. पेकन पहिले, मग साखर, लोणी, मीठ, दालचिनी एवढंच लिहिलेलं असेल तर माल बरा. मात्र त्याची किंमत पाहून घरी करावेत असं वाटतंच. म्हणून हे परीक्षण घरी करणाऱ्यांसाठी: कच्चा माल कोणता घ्यावा, रूढ असलेल्या तीन कृतींपैकी कोणती भरवशाची, आणि बिघडतं ते नेमकं कुठे.

घाणा बिघडला की दोष साखरेला दिला जातो. बहुतेक वेळा दोष मालात असतो, नाहीतर ओलाव्यात. म्हणून आधी माल.

पेकन अक्रोडाच्या कुळातलं. मूळ मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, टेक्ससमधलं आणि उत्तर मेक्सिकोतलं. रानटी झाडाचं फळ लहान, कवच जाड. फोडलं की गराचा चुरा व्हायचा. लुईझियानातल्या ओक ॲली मळ्यावर अंत्वान नावाच्या गुलामीतल्या माळ्याने १८४० च्या दशकात पातळ कवचाच्या झाडावरून कलमं बांधून दाखवली, आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्या वाणाचं कौतुक होऊन त्याला ‘सेंटेनियल’ नाव मिळालं. आज पाकिटात सबंध, न मोडलेली पाकळी, म्हणजे गराचा अर्धा भाग, मिळते त्यामागे ही कलमांची कारागिरी आहे.

पाकळी हा शब्द काजूच्या व्यापारातला, पण इथे चपखल बसतो. अमेरिकेत पेकनच्या पाकळ्यांची प्रत एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती बसतात यावर ठरते. २५० किंवा त्याहून कमी बसल्या तर ‘मॅमथ’, ३०१ ते ३५० ‘जंबो’, ३५१ ते ४५० ‘एक्स्ट्रा लार्ज’, ४५१ ते ५५० ‘लार्ज’. भेटीच्या डब्यासाठी सगळे मॅमथ घेतात आणि तिथेच चुकतात. मोठ्या पाकळीचा गाभा जाड. बाहेरची साखर तपकिरी होते तेव्हा आत गर अजून कच्चट, ओलसर राहतो. साखरेत घोळवायला एक्स्ट्रा लार्ज किंवा लार्ज उत्तम. किंमत कमी, भाजणी सारखी, आणि एक पाकळी म्हणजे बरोबर एक घास. मॅमथ केकवर सजावटीला ठेवावेत.

ताजेपणाची परीक्षा अशी. एक पाकळी आडवी मोडा. टक् असा आवाज होऊन सरळ तुटली पाहिजे. वाकून मग तुटली तर ओलावा जास्त आहे. तुटलेला भाग मलईसारखा पांढरा हवा. तो पिवळट, कडेने तेलकट काचेसारखा दिसू लागला असेल तर माल जुना आहे. पेकनमध्ये १०० ग्रॅमला सुमारे ७२ ग्रॅम स्निग्धांश असतो, त्यामुळे तो शेंगदाण्यापेक्षा लवकर खवट होतो. खवटपणा साखरेखाली झाकला जात नाही. भाजल्यावर तो दुप्पट जाणवतो, आणि मागाहून घशात राहतो. सालीचा रंग फिकट सोनेरी ते गडद तपकिरी असा चढत जातो; प्रतवारीत फिकट माल वरचा. अपारदर्शक पाकिटातला माल आम्ही टाळतो, कारण रंग पाहताच येत नाही.

आणखी एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. पाकळीच्या खाचांत कधी कधी लालसर तपकिरी, भुश्यासारखा पदार्थ अडकलेला दिसतो. कवच आणि गर यांच्यामधला तो पडदा, आणि तो चांगलाच कडू, तुरट असतो. मूठभर पाकळ्या मोठ्या भोकांच्या चाळणीत घेऊन जोरात हलवल्या की बराचसा खाली पडतो. उरलेला टूथपिकने काढावा. एवढं केलं नाही तर घाण्यातली एखादी पाकळी कडू लागते आणि लोक ‘दालचिनी जळली वाटतं’ म्हणतात.

तुकडा पेकन स्वस्त पडतो, पण साखरेत घोळवायला घेऊ नये. तुटलेल्या कडांना साखर जास्त धरते, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि शेवटी ढेकूळ बनतं. चिक्कीला किंवा शिऱ्यावर घालायला तुकडा छान. आधीच भाजलेला खारा पेकन तर साखरी करायला अजिबात नको: वरचं तेल साखरेला धरू देत नाही आणि दुसऱ्यांदा भाजताना गर करपतो.

कवचासकट घेतले तर वजनाच्या साधारण निम्मा गर निघतो, वाणानुसार थोडा कमीजास्त. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मग फोडले तर पाकळ्या सबंध निघतात. पण मग त्या ओल्या असतात. ताटात पसरून निदान एक दिवस वाळवाव्या, नाहीतर पुढचं सगळं वाया.

किंमत वर्षागणिक हलते. हापूससारखंच पेकनचं झाड एक वर्ष भरघोस धरतं आणि पुढच्या वर्षी हात आखडतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकल चक्रीवादळाने अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या नैर्ऋत्येकडच्या बागा ऐन काढणीच्या तोंडावर आडव्या केल्या, आणि नवं झाड भरात यायला कित्येक वर्षं लागतात. नवा माल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. वर्षभराची खरेदी तेव्हाच करून फ्रीजरमध्ये टाकणं शहाणपणाचं. पुण्या-मुंबईत पेकन मुख्यतः आयात होऊन येतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं आयातशुल्क १०० वरून ३० टक्क्यांवर आलं, तेव्हापासून तो थोडा आवाक्यात आला आहे. हिमाचलमध्येही लागवड आहे. आपल्याकडच्या दुकानात मात्र पॅकिंगची तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात पडून राहिलेलं पाकीट तर नकोच, बाहेरून कितीही देखणं असो.

आता भाजणी. नुसत्या खाऱ्या पेकनला दोन रस्ते. पहिला झटपट: ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटला (१७५ सेल्सिअस), सात ते दहा मिनिटं. कोशिंबिरीवर किंवा आइस्क्रीमवर घालायला ठीक. दोष असा की पाकळीची टोकं पातळ आणि मध्य जाड, त्यामुळे आठव्या मिनिटाला टोकं बरोबर असतात, मध्य कच्चा. दहाव्याला मध्य बरोबर, टोकं करपलेली. दुसरा रस्ता जॉर्जियाच्या घरांतला: २५० अंशांवर (१२० सेल्सिअस) पाऊण ते एक तास, दर पंधरा मिनिटांनी हलवत. ४५४ ग्रॅम पेकनला तीन टेबलस्पून वितळलेलं लोणी आणि एक चमचा बारीक मीठ. लोण्याऐवजी तूप घातलं तरी चालतं, पण लोण्यातला दुधाचा अंश या मंद आचेवर करपत नाही, उलट खमंग होतो, आणि तो खमंगपणा तुपात येत नाही. इथे आमचं मत लोण्याला. मीठ मात्र पिठासारखं बारीक हवं; खडे असतील तर ते ट्रेमध्येच राहतात. लोणी नको असेल तर एक चमचा मीठ दोन टेबलस्पून गरम पाण्यात विरघळवून पेकनला चोळावं आणि त्याच मंद आचेवर वाळवावं. पांढरी, सारखी खारट साय धरते.

भाजताना रंगावर भरवसा ठेवू नये, कारण पेकनची साल मुळातच तपकिरी. एक पाकळी काढून दोन मिनिटं गार होऊ द्यावी आणि मोडून पाहावी. आतला गर मलईचा रंग सोडून फिकट बिस्किटाच्या रंगावर आला की काढायचं. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून तोंडात टाकून ‘अजून कुरकुरीत नाही’ असं ठरवू नका. गरम ट्रेमध्ये भाजणी सुरूच राहते, तेव्हा लगेच गार परातीत पसरणं भागच आहे.

साखरी पेकनच्या तीन कृतींत आमची पहिली पसंती अंड्याच्या पांढऱ्याची. एका अंड्याचं पांढरं आणि एक टेबलस्पून पाणी काट्याने फेस येईपर्यंत फेटावं. बुडबुडे आले की थांबावं, केकसारखं घट्ट नको. त्यात ४५४ ग्रॅम पाकळ्या घोळून त्या चाळणीत दोन-तीन मिनिटं निथळू द्याव्या. अमेरिकेतल्या बहुतेक कृतींत हीच पायरी गाळलेली असते, आणि घोटाळा इथेच होतो: न निथळलेलं पांढरं ट्रेच्या तळाशी जमतं, फुगतं आणि प्रत्येक पाकळीभोवती पापुद्र्याचा झगा तयार होतो. निथळल्यावर साखर, दालचिनी, मीठ एकत्र करून वरून भुरभुरावं. प्रचलित माप २०० ग्रॅम साखरेचं आहे. आमच्या मते १४० ग्रॅम पुष्कळ झाली. एक चमचा दालचिनी, पाऊण चमचा मीठ. ट्रेवर एकाच थरात पसरून २५० अंशांवर एक तास, दर पंधरा मिनिटांनी उलथन्याने परतत. शेवटच्या पंधरा मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका. पंख्याचा ओव्हन असेल तर २२५ अंश ठेवावे. वर येतो तो थर पातळ, कोरडा, खडबडीत असतो. हाताला चिकटत नाही, दातात अडकत नाही, आणि डब्यात भरून पार्सलने पाठवला तरी टिकतो. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वेळेसाठी कापला.

अंडं चालत नसेल त्यांच्यासाठी: बिनमिठाचे छोले शिजवल्यावर उरलेलं दाट पाणी दोन टेबलस्पून. ते अंड्यासारखंच फेसाळतं. थर किंचित पातळ येतो, चव लागत नाही. डब्यातल्या छोल्यांचं पाणी वापरलं तर त्यात मीठ असतं, तेव्हा कृतीतलं मीठ निम्मं करावं.

दुसरी कृती कढईतली, आणि ज्यांनी संक्रांतीला काटेरी हलवा होताना पाहिलाय त्यांना ती ओळखीची वाटेल. जर्मनीच्या नाताळ बाजारात तांब्याच्या कढईत बदाम करतात, त्याचीच ही बहीण. २०० ग्रॅम पेकन, १०० ग्रॅम साखर, ६० मिली पाणी, पाव चमचा मीठ. साखर-पाणी उकळून गोळीबंद पाकावर आणायचं. थर्मामीटर असेल तर २४० अंश फॅरनहाइट. मग पेकन घालून मध्यम आचेवर एकसारखं हलवत राहायचं. आधी पाक चकचकीत असतो, उलथनं सरसर फिरतं. मग बुडबुडे दाट, संथ होतात, उलथन्याला ओढ लागते. आणि मग एकदम, दहा-पंधरा सेकंदांत, पाक ढगाळतो, पांढरा पडतो आणि कढईतून वाळू घासल्यासारखा आवाज येऊ लागतो. बघणाऱ्याला वाटतं घाणा गेला. तो बरोबर चालला आहे. इथे आच बंद केली तर साखरफुटाण्यासारखे पांढुरके, खरखरीत पेकन मिळतात. आच मंद करून आणखी तीन-चार मिनिटं हलवलं तर साखर पुन्हा वितळू लागते आणि पाकळ्यांवर मधाच्या रंगाचे चकचकीत डाग पडतात. अर्धे डाग, अर्धी वाळू असताना काढावं. सगळे चकचकीत करायला गेलं की पुढच्या अर्ध्या मिनिटात कडू.

या कृतीत मराठी हात एका सवयीने फसतो. पाकाची साखर होऊ नये म्हणून गुलाबजामाच्या पाकात आपण लिंबाचे दोन थेंब टाकतो. इथे साखर व्हायलाच हवी. लिंबू, कॉर्न सिरप, मध किंवा गूळ घातला तर त्यातली, किंवा लिंबाच्या आंबटपणाने पाकात तयार झालेली, वेगळी साखर स्फटिक जुळू देत नाही, पाक वाळू न होता चिकट राहतो, आणि पेकन थंड झाल्यावर एकाच गठ्ठ्यात बसतात. गूळच हवा असेल तर ही कृती सोडून सरळ चिक्कीचा पक्का पाक करावा. उंचावरही माप बदलतं. डेन्व्हरसारख्या शहरात पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे २४० ऐवजी साधारण २३० अंशांनाच गोळी बांधते. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळी पाहण्याची आपली पद्धत तिथे थर्मामीटरपेक्षा भरवशाची. एकूण चार गुण: वीस मिनिटांत होते, चव सर्वांत खोल, पण घाणा छोटा ठेवावा लागतो आणि लक्ष दुसरीकडे गेलं की संपलं.

तिसरी कृती लोणी आणि ब्राउन शुगरची, पाच मिनिटांत तव्यावर. १५० ग्रॅम पेकन, एक टेबलस्पून लोणी, ५० ग्रॅम ब्राउन शुगर. दिसायला सुरेख, त्याच दिवशी सॅलडवर घालायला ठीक. ब्राउन शुगरमधली काकवी हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाकळ्या चिकट. अडीच गुण.

साहित्याबद्दल थोडंच. ट्रे जाड, फिकट रंगाच्या ॲल्युमिनियमचा, कडा असलेला. काळ्या नॉनस्टिक ट्रेमध्ये खालची बाजू आधी करपते. खाली ओव्हनचा बटर पेपर घालावा. मेणाचा कागद घातला तर ओव्हनमध्ये धूर होतो. सिलिकॉनच्या चटईवर साखर चिकटत नाही, पण खालून भाजणी उशिरा होते, पाचेक मिनिटं जास्त धरावीत. साखरेच्या थर्मामीटरआधी ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर घ्या. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत २५ अंशांचा फरक सहज असतो, आणि या मंद भाजणीत तेवढा फरक म्हणजे सोनेरी आणि कोळसा यातलं अंतर. आपल्याकडच्या ओटीजीत फक्त खालची सळी चालू ठेवावी आणि ट्रे मधल्या खाचेत. एअर फ्रायरमध्ये नुसते खारे पेकन चांगले होतात, ३०० अंशांवर सहा ते आठ मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. साखरी मात्र त्यात करू नयेत. पंख्याचा झोत थर वाळायच्या आधीच तो उडवतो.

मसाल्यांत दालचिनी रूढ आहे आणि ती का रूढ आहे हे खाऊन कळतं. अर्धा चमचा काश्मिरी तिखट घातलं तर मेळ छान जमतो. वेलची-जायफळ तासभर भाजलं की सुगंध उडतो, म्हणून ते ओव्हनमधून काढल्या-काढल्या भुरभुरावं. कढईच्या कृतीत सगळे मसाले आच बंद केल्यावर. केशर वाया जातं, घालू नका. मीठ कमी करू नका. मीठ नसेल तर साखरी पेकन नुसते गोड लागतात आणि चौथ्या पाकळीला कंटाळा येतो.

भरण्याआधी पूर्ण गार झाले पाहिजेत, निदान पाऊण तास. कोमट असताना डबा लावला तर आतल्या वाफेने सगळे सादळतात. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात एवढ्याची अपेक्षा धरू नका, आठवडा धरा. सादळलेले साखरी पेकन टाकायची गरज नाही. २५० अंशांवर दहा मिनिटं ठेवून परातीत गार केले की पुन्हा खुटखुटीत होतात, कढईतल्या कृतीचे तर पहिल्याहून बरे. फ्रीजमध्ये साखरी पेकन ठेवू नका. बाहेर काढताच त्यांना घाम फुटतो आणि थर विरघळतो.

कच्चा माल मात्र फ्रीजमध्येच. सोललेले पेकन फ्रीजमध्ये नऊ महिने, फ्रीजरमध्ये दोन वर्षांपर्यंत चांगले राहतात, घट्ट बंद असतील तर. ते आसपासचा वास पटकन ओढतात. कापलेल्या कांद्याशेजारी उघडं पाकीट ठेवलं तर कुठलीही दालचिनी तो वास झाकत नाही. आणि फ्रीजरमधलं पाकीट बाहेर काढल्यावर ते बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, दोन तास तरी. लगेच उघडलं तर गार पाकळ्यांवर दव धरतं, आणि निथळायची पायरी न केल्यावर जो पापुद्र्याचा झगा होतो, तोच पुन्हा होतो.